पालखीचा पुढचा दांडा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — देवाची सेवा करता करता माणूस कोसळला, तर देवाला आनंद होतो का? अं? नुसत्या माना हलवू नका, ऐका!

कोकणातलं एक लहानसं गाव. शिमग्यात तिथे देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ढोल दणाणतोय, धूळ उडतेय, पालखी अशी वर-खाली, वर-खाली! पुढच्या दांड्याचा मान दत्ताराम पाष्ट्यांचा. वय? सत्तरी उलटलेली! आणि रीत अशी, की दमेल त्यानं स्वतः म्हणायचं — ‘खांदा द्या!’ त्याशिवाय कुणी दांड्याला हात लावायचा नाही. आता दत्ताराम म्हणणार होय? अहो, जेवताना मीठ मागायला लाजणारा माणूस तो!

त्यांची बायको सुलोचना. तिचा जीव सदा टांगणीला! विहिरीवरून येताना हे मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, “आंब्याला मोहोर किती आलाय, बघतोय!” मोहोर कसला? दम लागलेला!

नेलं तिनं डॉक्टरीणबाईंकडे. बाई म्हणाल्या, “आजोबा, वय झालं की हृदय पहिल्यासारखं जोरात धावत नाही. रक्तवाहिन्या ताठर होतात. तरुणपणी पाय उचलला की रक्त हजर! आता तेवढं पोचत नाही, पोचायला वेळही लागतो. चाला, रोज चाला — पण सुरुवात सावकाश, थांबणंही सावकाश. एकदम ओझं घेऊ नका. आणि सकाळची ही गोळी चुकवू नका.”

दत्ताराम ‘हो’ म्हणाले. पण डोक्यात काय शिरलं? — ‘गोळीनं ठोके हळू पडतात. ठोके हळू, तर मी नाचणार कसा?’ झालं!

पालखीच्या दिवशी सुलोचनाबाईंनी चहाची बशी उचलली — खाली गोळी! तिकडे देवळापाशी ढोल सुरू झालेला! बाई तशाच धावत सुटल्या.

गर्दीतून बघतात तर काय — नवऱ्याचा चेहरा राखेसारखा. अंगाला दरदरून घाम. एक हात दांड्याला, दुसरा छाती चोळतोय. आणि पाय नाचतातच आहेत! हाक मारावी, तर चारचौघांत त्यांची मान खाली. न मारावी, तर... बायकांनी त्या रिंगणात जायचं नाही, ही आणखी एक रीत! शेजारणीनं हात धरला, “वहिनी, नको!” बोला, काय करावं तिनं? तुम्ही काय केलं असतं?

ती शिरली, मंडळी! दांड्याखाली स्वतःचा खांदा घातला आणि ओरडली, “खांदा द्या!”

ढोल बंद. तरणी पोरं धावली, पालखी सावरली. दत्ताराम मटकन खाली बसले — पण जीभ बसेल तर शपथ! “सुलोचने, लाज घालवलीस माझी!”

ती म्हणाली, “लाज परत मिळवता येईल हो. तुम्हाला कुठून आणू?”

दवाखान्यात नेलं. वाचले! थोडक्यात वाचले. आणि देवी? ती कशाला रागावते? तिला आपली माणसं जिवंत हवी होती.

आता तुमच्याकडे वळतो. आज एकादशी. उपास आहे म्हणून सकाळची गोळी कुणी कुणी सोडली? हात वर करू नका, मला चेहऱ्यावर दिसतंय! देवानं मागितला तो जेवणाचा उपास, गोळीचा उपास त्यानं मागितला नव्हता. उठा, काका. हो, तुम्हीच! बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावा. आम्ही थांबतो. तुम्ही आलात की मगच आरती.