मधे आलेला अंगठा

बसच्या रांगेत शिंपीणबाईंच्या अगदी पुढ्यातच नवराबायकोची जुंपली होती.

“दिवसाचा एकच फोटो, आणि त्यात मधोमध तुमचा अंगठा!”

“मग काढ की दुसरा.”

“मुळीच नाही. दवाखान्यातून सुटलं की रोज नवा रस्ता आणि एकच फोटो, हे तुम्हीच ठरवलंत.”

“काय करणार? खोलीवर गेलीस की भिंतीकडे तोंड करून पडायचीस.”

“हा परवाचा बघा. पुलावर पूल, त्याच्यावर आगगाडी! माणसांनीच रचलं असेल का हो हे?”

“नाहीतर काय मुंग्यांनी?”

“आणि हा काचा पुसणारा. ढगात लोंबकळतोय आणि मेला खुशाल शीळ घालतोय!”

“चला, उद्याचा शेवटचा उपचार झाला की सुटलो. परवा आपल्या घरी.”

शिंपीणबाईंची बस आली, थांबली, निघून गेली. बाई हलल्या नाहीत.

“का गं, घरी जायचा आनंद नाही झाला?”

“अहो, घरून निघताना कुणी बोललं नाही, पण मी इथं मरायलाच आले होते.”

“काहीतरीच तुझं.”

“बोलू द्या हो. आता मला मरायचं नाहीये. अजून अर्धं शहर बघायचं राहिलंय.”