साथीला, डबल बासवर

बसा हो, बसा, रिकामीच आहे ती खुर्ची — हो हो, मीच ती मगाची निवेदिका, प्रमोदिनी मोडक. आवडलं निवेदन? थँक्यू. अहो, भावगीतं आणि नाट्यसंगीत करण्यात आयुष्य गेलं, पण जॅझ आपलं पहिल्यांदाच — आणि तेही आंतरराष्ट्रीय महोत्सव, आपल्या ठाण्यात, उपवन तलावाच्या काठावर! आठवडाभर पोळ्या लाटताना नावं घोकत होते. ट्रम्पेटवाले पावलो ब्राझीलचे, पियानोवरची इल्दिको हंगेरीची, ड्रम्सवाले मामादू सेनेगलचे. इल्दिकोचा उच्चार काही केल्या जमेना, शेवटी तिलाच विचारला — काय गोड हसली! आणि मामादूंच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ढोल वाजतोय, हे सांगितलं तेव्हा टाळ्या ऐकल्यात ना? कलाकार वाजवायच्या आधीच लोकांना आपला वाटला पाहिजे, अशी ओळख करून द्यावी. मी तरी तसंच मानत आलेय.

कोण? मागे उभी होती ती? बारीक केस कापलेली — ती होय. ती बास वाजवते. डबल बास म्हणतात त्याला, व्हायोलिनसारखाच, पण माणसाहून उंच असतो. हो, तिच्याबद्दल मी फारसं बोलले नाही खरं. 'आणि साथीला, डबल बासवर, नीरजा' — एवढंच म्हटलं. आपल्याकडे पद्धतच आहे ना तशी — आधी मुख्य कलाकार, मग साथीला तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक — त्या सवयीनं निघून गेलं तोंडातून. वेळही नव्हता. — नाही, वेळ होता. मामादूंच्या पणजोबांना वेळ होता, तर हिला का नसावा?

काय म्हणालात, माझ्यासारखी दिसते? नाक ना — नाक माझंच आहे तिचं, सगळेच म्हणतात. — झालं! बोलून गेले. तुम्ही कल्याणच्या म्हणालात ना? डोंबिवलीत कोणी ओळखीचं नाही ना तुमच्या? मग हरकत नाही. हो, मुलगी माझी. एकुलती एक. आणि साथीला कसली हो — बँडच तिचा आहे! मगाशी ऐकलंत ते सगळं तिनं रचलेलं, हे तिघे तिच्या शब्दाखातर एवढ्या लांब आलेत. आता आपल्या पोरीचं कौतुक आपणच माइकवरून कसं करायचं, लोक म्हणतील आईच चढवतेय — असं मी तिलाही सांगितलं असतं. पण ते खरं नाही. खरं असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगू? आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे की नीरजा रॉटरडॅमला बँकेत आहे. म्हणजे मीच सांगितलंय. गेली तेव्हा होती हो बँकेत, खोटं नव्हतं ते! मग वर्षभरात नोकरी सोडली, संगीताच्या शाळेत गेली, कुठल्या कुठल्या हॉटेलांत वाजवायला लागली — मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, धरेल पुन्हा नोकरी, कशाला गावभर करा. कोणी विचारलं की म्हणायचं, मजेत आहे. मग म्हणायचं, प्रमोशन मिळालं. बाई बाई, काय काय बढत्या दिल्या मी तिला! आता तर ती मॅनेजर आहे.

सकाळी फोनवर म्हणाली, "आई, बाकी काही नको बोलूस, फक्त आडनावासकट नाव घे." एवढंच मागितलं हो पोरीनं. आणि मी स्टेजवर उभी राहून समोर पाहते, तर दुसऱ्या रांगेत आमच्या शेजारच्या चित्रावहिनी! माझंच निवेदन ऐकायला आलेल्या, हात हलवताहेत. आडनाव अगदी जिभेवर आलं होतं — गिळलं मी. माझं स्वतःचं आडनाव!

पुढचं तर ऐकूच नका. म्हणजे, ऐका. मध्यंतर झालं तशा चित्रावहिनी थेट स्टेजपाशी आल्या — "अगंबाई, ही आपली नीरजा का हो?" मी म्हटलं, "छे हो, नावासारखं नाव." आणि ती मागेच उभी, बासला खोळ घालत! सगळं ऐकलं तिनं. वळली, वहिनींकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "दिसतात हो काकू, माणसासारखी माणसं." माझीच बाजू राखली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भांडली असती तर मीही चार शब्द बोलले असते, नेहमीसारखी जुंपली असती आमची — पण ती खोळीची चेन लावत बसली. परवा आली तेव्हा म्हटलं होतं, हॉटेलात कशाला राहतेस, घरी ये. तर म्हणते कशी, "एवढा बास घेऊन लिफ्टमधून कशी येऊ आई? बँकेत लागतो का तो?" उद्या सकाळी जाणार ती. पुन्हा कधी यायची, देव जाणे. येईल तरी का?

पण आता दुसरं सत्र आहे. शेवटी हेच चौघं पुन्हा वाजवणार, पुन्हा ओळख मलाच करून द्यायचीय. या खेपेला म्हणणार मी. बसू देत चित्रावहिनींना दुसऱ्या रांगेत, नाहीतर पहिल्या! ऐका, कसं वाटतं सांगा हं — 'रसिकहो, मगाशी माझ्याकडून एक ओळख अर्धी राहिली. डबल बासवर आहे नीरजा मोडक, आपल्या डोंबिवलीची. आज तुम्ही ऐकलेल्या सगळ्या रचना तिच्या, हा बँडही तिचा. ती बँकेत नाही' — हे नको का? नाही, असू दे, हेच तर हवंय — 'ती बँकेत नाही, ती बास वाजवते, आणि ती माझी —'

या या, चित्रावहिनी! मिळाला का चहा? बसा ना. छे, रडतेय कुठे, वारं लागलं डोळ्यांना तलावावरचं. ह्या? ह्या कल्याणच्या, आमची काही ओळख नाही — निवेदन कसं करतात, ते विचारत होत्या सहज. काय म्हणालात? हो ना, नीरजा असती तर आणलंच असतं की तिला आज. पण रजा कुठे देतात हो बँकेत! — बरं ताई, तुम्ही जाऊन बसा आता जागेवर, सुरू होईल एवढ्यात.