भावकीचं कुत्रं

कुत्रं चावलेली माणसं मी दवाखान्यात रोज बघतो, पण कडेगावच्या रिटायर सुभेदार अण्णांनी मला पार दमवलं. पोटरीतनं रक्त गळतंय आणि हे ताठ बसलेले. म्हटलं, "अण्णा, आधी नळाखाली साबणानं जखम धुऊ, मग इंजेक्शन देतो."

"धुवायची न्हाई. कुत्रं भावकीचं हाय. आधी पोलीस बघतील, पंचनामा हुईल."

"आवं, पिसाळलेलं असलं तर जीव जाईल."

"जाऊ दे. बांधाची केस त्यांनी जिंकली, ही मी सोडत न्हाई."

मी हात टेकले. म्हटलं, "बरं. मग तुमच्या मागं पोरगं चालवंल केस."

अण्णा पायजमा वर खोचत नळाकडं निघाले.

"धुवा डॉक्टर. पोरगं लय मऊ हाय. त्यांच्यात जाऊन चहा पिऊन मिटवून यील."