अकरावा डबा

नर्स: गोळ्यांचा डबा परत सरकवू नका, मास्तर. आधी ऐकून तरी घ्या.

टेलर: झाकणावरचं नाव वाचलं, सिस्टर. तेवढं वाचता येतं मला. उचला तो.

नर्स: दहा पेशंट सांभाळता ना? मग ह्या अकराव्यानं काय घोडं मारलंय?

टेलर: दहा सांभाळतो, कारण तुम्ही गळ घातलीत. टीबीच्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात जाताना कुणी बघेल, म्हणून एक माणूस फिरकत नव्हता. तुम्ही म्हणालात, 'मास्तर, तुमच्याकडे माप द्यायला कुणीही येतं, कुणाला संशय यायचा नाही.' म्हटलं, बरं. रोज एकेकाला समोर बसवतो, गोळी देतो, पाणी देतो, कार्डावर खूण करतो. एका माणसानं महिन्यात तीस वेळा पँटचं माप दिलंय माझ्याकडे! तोंडातून ब्र काढला नाही मी.

नर्स: म्हणून तर आले. तुमच्याकडच्या एकाचीही गोळी चुकलेली नाही. माझ्या पाच गावांत असं दुसरं ठिकाण नाही.

टेलर: हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. माझा भाऊ सोडून कुणाचाही डबा आणा.

नर्स: त्याच्या गोळ्या बंद होऊन बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, आणखी खंड पडला तर ह्या गोळ्या लागूच पडायच्या नाहीत. मग आपल्या हातात काय उरतं?

टेलर: तुम्ही द्या ना जाऊन.

नर्स: चारदा गेले. तुमची वहिनी दारातच आडवी येते. मुलीचं लग्न जमत आलंय, माझा पांढरा कोट कुणी पाहिला तर मोडेल म्हणते. परवा तर पाया पडली माझ्या. किराणावाल्याला विचारलं, तो म्हणतो गिऱ्हाईक तुटेल. डेअरीवाला फोन उचलत नाही. शाळेतल्या बाईंनी लांबूनच हात जोडले. सख्खा भाऊ घरात गेला तर कोण बोट दाखवणार? तुम्ही शेवटचे, मास्तर.

टेलर: शेवटचा! माझी बायको रक्त ओकत होती, तेव्हा मीही शेवटी त्याच्याच दारात गेलो होतो.

नर्स: ठाऊक आहे.

टेलर: काय ठाऊक आहे? तुम्ही तेव्हा इथं नव्हता. जीप अंगणात उभी होती त्याची. म्हणाला, 'हा रोग माझ्या गाडीत नको.' दार लावून घेतलं. भर दुपारी तिला मांडीवर घेऊन दुधाच्या टेम्पोची वाट बघत बसलो. टेम्पो आला तेव्हा न्यायला काही राहिलं नव्हतं. सहा वर्षं झाली. भिंतीला भिंत आहे आमची, पण एका शब्दानं बोललेलो नाही.

नर्स: चुकलं त्याचं. फार वाईट वागला. मी त्याची बाजू घ्यायला नाही आले.

टेलर: मग कशाला आलात?

नर्स: तो मरतोय म्हणून! आणि पोरगीही खोकायला लागलीय. तीन आठवडे झाले, तपासू देत नाहीत. माझं डोकं चालेनासं झालंय, मास्तर. आता कुणाचे पाय धरू ते तरी सांगा.

टेलर: पोरगी खोकतेय?

नर्स: हो.

टेलर: इथं बसून चिंध्या वेचायची. बाहुलीला झगा शिवून द्या, म्हणून मान खाल्ली होती माझी. रडू नका, सिस्टर. गिऱ्हाईक येईल कुणीतरी.

नर्स: येऊ दे. मला हो म्हणा.

टेलर: खरं सांगू? राग आहेच. पण भीती वाटते ती माझी मलाच.

नर्स: म्हणजे?

टेलर: एखाद्या दिवशी बायको आठवली, आणि गोळी न देताच मी कार्डावर खूण करून टाकली तर? तुम्ही माझी कार्डं नीट बघतसुद्धा नाही, इतका भरवसा तुमचा. कुणाला पत्ता लागणार नाही. तो जाईल, आणि कार्ड भरलेलं असेल. हे आत्ता नाही सुचलं मला. तो आजारी पडल्याचं कळलं, त्याच दिवशी मनात आलं.

नर्स: ज्याला करायचं असतं, तो सांगत नाही मास्तर.

टेलर: पोकळ धीर देऊ नका.

नर्स: धीर कुठला देतेय? दुसरं कुणी नाहीच माझ्याकडे. भरवसा ठेवण्यावाचून इलाज नाही मला.

टेलर: त्याला विचारलंत? मी दिलेली गोळी घेईल का, ते?

नर्स: विचारलं. खिडकीतून.

टेलर: काय म्हणाला?

नर्स: जाऊ द्या ते.

टेलर: सांगा.

नर्स: म्हणाला, 'तो गोळी नाही, विष देईल. आणि दिलं तर मी त्याला बोल लावणार नाही.'

(टेलर गळ्यातली टेप काढून ठेवतो.)

टेलर: इथपर्यंत चालवेल त्याला?

नर्स: परवापासून उठून बसवतही नाही.

टेलर: म्हणजे मलाच जावं लागणार.

नर्स: आजच. आत्ता.

टेलर: त्याचं कार्ड माझ्याकडे नको. पोरीकडे द्या. तिनं तोंड बांधून दारात उभं राहायचं, गोळी गिळलेली बघायची, मग खूण करायची. आणि तिच्या तपासणीचं मी बोलतो वहिनीशी.

नर्स: ऐकेल ती?

टेलर: काय सांगावं! पण तो आज तोंड उघडायचा नाही, सिस्टर. आधी त्याच्यादेखत मी एक गोळी गिळली तर चालेल?

नर्स: नाही हो. गोळ्या मोजून येतात. त्याचीच एक कमी पडेल.

टेलर: बरं. मग त्याला द्यायच्या पेल्यातलं पाणी आधी मी पितो.