एकवीस फोटो, एक तंगडी

— नाही, आई नाहीये, कामावर गेलीये, आणि असती तरी काय बोलणार होतात तिच्याशी? ती आधी रडली असती आणि मग म्हणाली असती, कुठे सही करू. माझ्याशी बोला. बसा की मॅडम — अहो त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मी कापून ठेवलाय. आमचे एक काका येतात, फुकटचे सल्ले द्यायला, त्यांच्यासाठी खास. पलंगावर पण नको, ढेकूण आहेत. उभ्याच राहा. आणा तो फोटो. हां, हीच ती तंगडी. चावा मीच घेतला. झालं? लिहा माझं नाव आणि निघा.

काय कसा घेतला? सांगते ना. तुमचं सरकारी कार्ड आहे आमच्याकडे — हॉटेलात जायचं, कार्ड दाखवायचं, चार माणसांसारखं टेबलाला बसून गरम जेवायचं, बिल सरकार भरणार. असंच ओरडला होतात ना माइकवर? आई पहिल्या दिवशी नवी ओढणी घेऊन गेली — नवी म्हणजे मावशीची. आणि तिथे काय? मागचं दार! भांडी घासतात तिथून आत. आत एक टेबल, त्यावर पांढरं कापड, त्यावर एक ताट. भात, भाजी, अंडं आणि ही एवढी मोठ्ठी तळलेली तंगडी. मॅनेजर म्हणाला बसा. बसलो. मोबाइल धरून म्हणाला हसा, बिलाला फोटो लागतो. हसलो. खटॅक्! म्हणाला उठा. आमचा चिंगळ्या — माझा धाकटा भाऊ हो, सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेत, फोटो म्हणताना थुंकतो समोरच्यावर — त्यानं भातात बोट घातलं तर त्याला मनगटाला धरून उचललं की हो त्या माणसानं! मांजर उचलतात तसं! मग हातात डबा दिला. डब्यात थंडगार भात आणि रस्सा, रस्सा कसला, ताट धुतलेलं पाणी. आणि आमच्या मागचे बसले. तेच ताट. तीच तंगडी. हसा. खटॅक्!

सहा महिने, मॅडम! रोज एकवीस घरं! त्या तंगड्यांचे जेवढे फोटो निघाले तेवढे माझे जन्मात निघाले नाहीत. आणि तुमच्या ऑफिसात ते फोटो बघत कोण होतं? डोळे काय घरी ठेवून येता? एकवीस फोटो, एकवीस ताटं, आणि तंगडी सगळ्यांत डावीकडेच वाकडी पडलेली — कुणाला नाही दिसलं. चावलेली मात्र बरोब्बर दिसली! आणि दिसली तर काय म्हणालात? मॅनेजर चोर? नाही. कुणीतरी अन्न उष्टं केलं, त्याचं कार्ड बंद करा! वा रे वा.

मान्य, आमच्या फोटोत ती अख्खी आहे आणि आमच्या मागच्या आजींच्या फोटोत चावलेली. एवढं गणित मलाही येतं, दोनदा नापास झाले तरी. त्या दिवशी आम्ही दोघंच गेलो होतो. फोटो झाल्या झाल्या मी बाहेरून वळसा घालून पुढच्या दाराशी पळाले आणि बोंब ठोकली, साहेब आले, तपासणीवाले साहेब आले! मॅनेजर केस चापत असा सुटला पुढे — अहो, हसून हसून पोट दुखलं माझं, कारण आलंय कोण, तर कुत्रं. तेवढ्यात इकडे — मी सांगून ठेवलं होतं त्याला, एकच घास, मोठा घे, चावत बसू नको, गिळ —

कुणाला म्हणजे? कुणाला नाही. पुढच्या दाराशी होते, पण परत आले ना मी! जोरात पळते मी, शाळेत विचारा. मॅनेजर आला, बघतो तर चावा, दुसरी तंगडी कुठून आणणार, बाकीच्या पुढच्या दारानं येणाऱ्या, पैसेवाल्या गिऱ्हाइकांच्या. मग टोमॅटोची चकती ठेवली चाव्यावर. ती घसरायची. मागची पंधरा घरं चकतीसकट हसली.

दात कशाला बघताय माझे? चाव्यात मधली पट्टी तशीच राहिलीये, मग? तंगडीच तशी होती! मॅडम, ऐका ना — मला काढा कार्डावरून. मी नाही जेवत. तो रस्सा मला आवडतच नाही. आईचं आणि त्याचं नाव राहू द्या. लिहा की! पेन का ठेवलंत आत?

पलंगाखाली काही नाहीये. ढेकूण म्हटलं ना — ए चिंगळ्या! आतच थांब म्हटलं होतं तुला! मॅडम, मोबाइल खाली करा. खाली करा म्हणते ना, त्याचा फोटो नाही काढायचा — चिंगळ्या, हसू नको! मिट तोंड! अरे, समोर कुणी मोबाइल धरला म्हणून दर वेळी हसायचं नसतं रे —