वर बघायचं नाही

…तर तुम्हाला सांगतो, लोकांनी मला जेवायला बोलावणंच सोडलं. का, तर मी पहिला घास घेण्याआधी छताकडे बघतो. आता चाळीस वर्षं कॉलेजात भूकंपात घर कसं तगेल हेच शिकवलं, मान आपोआप वर जाते, त्याला मी काय करू? आमच्या नेपाळातल्या भक्तपुरात पंगत ठरली की घरची बाई आधी नवऱ्याला बजावते, "ते प्रोफेसर सुवाल येणार असतील तर भिंतीच्या भेगा बुजवून घ्या."

पण भाच्याच्या घरभरणीला मामा लागतोच. बिजयचा फोन आला, "मामा, या. फक्त वर बघायचं नाही." म्हटलं, नाही बघणार. दोन वर्षांत पहिलं आमंत्रण हो… काळी टोपी झटकली, आरशासमोर मान खाली ठेवायचा सराव केला.

आणि मान खाली होती म्हणूनच दिसलं. तळमजल्यावर, जिन्यापाशी, संडासाचा पाइप न्यायला खांबाचा पायथा फोडलेला, आतले गज कापलेले… मनात म्हटलं, वर बघायचं नाही एवढंच ठरलंय, खालचं बोलायचं का? शिवाय माझंच चुकत असलं तर? मी म्हणजे दाराला कुलूप लावलं का ते तीनदा परत येऊन बघणारा माणूस.

गेलो चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात; आमच्याकडे ते सगळ्यात वर असतं, पंगतही तिथेच. चटईवर चाळीस माणसं, पानात कोरडे पोहे, म्हशीचं मटण, आणि शेजारचे गृहस्थ मला म्हणताहेत, "घ्या ना अजून." किती दिवसांनी कुणी असा आग्रह केला सांगू… वर बघायचं नाही, बोलायचं नाही, जेवायचं. तेवढ्यात बिजय उभा राहिला. "बघा, मामा गप्प आहेत. म्हणजे घर पास. आता पाचवा मजला चढवतो."

सगळे हसले. मी हातातला घास पानात ठेवला. म्हटलं, "बिजय, खाली खांब कापलाय. एकेक जण हळूहळू खाली उतरा."

उतरले. पानं हातात धरून चाळीस माणसं अंगणात. माझी बहीण केशरी म्हणाली, "दादा, दही वाढेपर्यंत तरी थांबायचंस."

खांब दुरुस्त झाला बरं का, पाचवा मजला राहूनच गेला. बिजय पाया पडायला आला. "मामा, तुमच्यामुळे वाचलो. आता तुम्ही यायची तसदी घेऊ नका, तुमचं ताट घरी पाठवत जाईन."

पाठवतो, सणावाराला, न चुकता. दोघांना पुरेल एवढं असतं; जेवायला मी एकटाच.