नदीपलीकडची बस

चर्चच्या हॉलमध्ये मतदानाची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभ्या असलेल्या ग्वेनच्या पुढेच दोन म्हाताऱ्या होत्या, ओडेसा आणि तिची शेजारीण लुसील.

"नदीपलीकडे जाणाऱ्या बससाठी विक्रीकर एक टक्का वाढवायचा म्हणे. मागच्या खेपेला तूच 'नको' म्हणून मत दिलंस ना गं?"

"दिलं. तेव्हा माझी गाडी होती, लुसील. डोळेही धड होते."

"आणि आता?"

"आता नदीपलीकडे बहीण आहे. अकरा मैलांवर. दोन वर्षं झाली, व्हर्नाचं तोंड पाहिलं नाही."

"मावशी, मतपत्रिकेवरच्या विषयावर रांगेत बोलायला मनाई आहे," दारातला अधिकारी म्हणाला.

"मी कुठं कराचं बोलतेय, बाळा? मी बहिणीचं बोलतेय."

तो हातातली मतदारयादी चाळू लागला. ग्वेनने फिरणारी किल्ली थांबवून मुठीत झाकली.

"पण ओडेसा, आज कर मंजूर झाला तरी बस धावायला सहा वर्षं लागणार."

"ठाऊक आहे मला."

"व्हर्ना किती वर्षांची गं?"

"नव्वदीची. काल फोनवर सांगितलंय तिला, तेवढं थांब म्हणून."